एकच माणूस, सहा नोंदी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तेव्हा एआयवर बोल." पण त्या विषयाचा हल्ली घरटी एक तज्ज्ञ आहे, आणि जेवणाआधी तुम्हाला आणखी एक व्याख्यान ऐकवणं बरं नव्हे. म्हणून मी आपल्या मातीजवळचा विषय निवडला आहे. एका बिशपांबद्दल बोलणार आहे. त्यांच्या आयुष्याबद्दल आणि त्यांच्या पदव्यांबद्दल.

मी ख्रिस्ती नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण आपण वसईच्या शाळेत शिकलो. हजेरी घेताना पाटील, परेरा, राऊत, लोपीस अशी नावं एका दमात वाचली जायची. नाताळात त्यांच्या घरचा फराळ आपल्याकडे आणि दिवाळीत आपला त्यांच्याकडे, हे कुणी शिकवावं लागलं नाही. तरीही "बिशप मोठे की कार्डिनल मोठे?" असा प्रश्न कुणी विचारला की आपण सगळेच गप्प. पुढे तो प्रश्न माझ्या कामात माझ्यासमोर येऊन बसला.

काही वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने विनंती केली. तिच्या गावातल्या चर्चच्या वाचनालयात जुन्या स्मरणिका, मासिकं, निमंत्रणपत्रिका यांचे गठ्ठे होते. त्यांची सूची संगणकावर करायची होती. मी सुट्टीच्या दिवशी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याचं काम साधं होतं: एकाच व्यक्तीच्या नोंदी वेगवेगळ्या नावांनी आल्या असतील तर त्या एकत्र आणायच्या. बँकेत, विमा कंपनीत हे काम रोज चालतं. "सुनील वि. पाटील" आणि "पाटील एस. व्ही." हा एकच गृहस्थ आहे का, एवढंच ठरवायचं असतं.

इथे मात्र प्रोग्रॅम अडला. एका ठिकाणी "रेव्हरंड डॉक्टर ग्रेशियस" होते. दुसरीकडे "थेनेससचे बिशप". तिसरीकडे "मुंबईचे सहाय्यक बिशप". मग "हिज ग्रेस, मुंबईचे आर्चबिशप". मग "हिज एमिनन्स व्हॅलेरियन कार्डिनल ग्रेशियस". आणि एका इंग्रजी कागदावर "सांता मारिया इन व्हिया लाता या चर्चचे कार्डिनल". सहा नोंदी, आणि माणूस एकच! उलट, "कार्डिनल ग्रेशियस, मुंबईचे आर्चबिशप" एवढंच लिहिलं तर दोन वेगवेगळी माणसं एकत्र होतात. कारण २००६ साली मुंबईचे आर्चबिशप झालेले आणि पुढच्या वर्षी कार्डिनल झालेले ओसवाल्ड हेसुद्धा ग्रेशियसच. मी सांगते आहे ते त्यांच्या आधीच्यांबद्दल, व्हॅलेरियन ग्रेशियस यांच्याबद्दल. भारताचे पहिले कार्डिनल.

त्यांच्या आयुष्याची रूपरेषा आधी सांगते. २३ ऑक्टोबर १९०० रोजी कराचीत जन्म. कुटुंब मूळचं गोव्याचं. त्या काळी कामधंद्यासाठी कराचीला गेलेल्या अनेक गोवेकरांपैकी एक. धर्मगुरू होण्याचं शिक्षण मंगळूरला आणि श्रीलंकेतल्या कँडीला. १९२६ मध्ये धर्मगुरुदीक्षा, मग रोममध्ये पुढचा अभ्यास. परतल्यावर मुंबईत आर्चबिशपांचे सचिव, आणि पुढे कुलाब्याच्या होली नेम चर्चचे प्रमुख. त्या जागेवर बसलेले ते पहिले भारतीय. १९४६ मध्ये सहाय्यक बिशप, १९५० मध्ये आर्चबिशप, १९५३ मध्ये कार्डिनल. १९६६ मध्ये पद्मविभूषण. ११ सप्टेंबर १९७८ रोजी मुंबईत निधन. एवढं कुठल्याही कोशात मिळेल. मला अडवलं ते या तारखांच्या मधल्या पदव्यांनी.

थेनेसस हे गाव कुठलं? शोधलं तर ते निघालं इजिप्तमध्ये, नाईलच्या मुखाजवळच्या मंझाला सरोवरात. शेकडो वर्षांपूर्वी ओस पडलेलं. व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईत काम करत होते आणि बिशप होते इजिप्तमधल्या एका नसलेल्या गावाचे! याचं कारण असं, की कॅथलिक चर्चच्या नियमानुसार बिशप हा कुठल्यातरी गावाचा असावाच लागतो. मुंबईला तर एक आर्चबिशप आधीच आहेत, आणि एका गावाला दोन प्रमुख चालत नाहीत. म्हणून सहाय्यक बिशपाला एखाद्या लुप्त झालेल्या प्राचीन धर्मप्रांताचं नाव देतात. पूर्वी अशा पदवीपुढे "परधर्मीयांच्या प्रदेशातले" अशा अर्थाचे लॅटिन शब्दही जोडत. ते १८८२ मध्ये काढून टाकले. आमच्या भाषेत सांगायचं तर रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणून त्यात एक वैध पण वापरात नसलेली किंमत भरायची.

हे वाचून मला हसू आलं होतं. पण याच सोयीचा एक जुना वापर सापडला, आणि हसू मावळलं.

गोव्यातल्या दिवाडी बेटावर सुमारे १५९४ मध्ये मातेउश द काश्त्रु नावाचा मुलगा जन्मला. ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण कुटुंबातला. त्याला धर्मगुरू व्हायचं होतं, पण गोव्याच्या पोर्तुगीज आर्चबिशपांकडून दीक्षा मिळेना. तेव्हा हा माणूस मुख्यतः खुष्कीच्या मार्गाने थेट रोमला गेला. १६२५ मध्ये पोहोचला, तिथे शिकला आणि तिथेच त्याला दीक्षा मिळाली. धर्मप्रसाराचं काम पाहण्यासाठी पोपनी १६२२ मध्ये प्रोपगांडा फिदे नावाची एक संस्था स्थापन केली होती. तिला स्थानिक धर्मगुरू हवेच होते. १६३७ मध्ये रोमने या दिवाडीच्या मुलाला बिशप केलं.

आता अडचण पाहा. पूर्वेकडच्या धर्मप्रांतांवर बिशप सुचवण्याचा हक्क पोर्तुगालच्या राजाकडे होता. त्याला पाद्रोआदो म्हणतात. म्हणजे पोपना गोव्यात आपल्या पसंतीचा भारतीय बिशप नेमणं शक्य नव्हतं. मग त्यांनी मातेउशना क्रिसोपोलिस या प्राचीन गावाचे बिशप केलं, आणि आदिलशाही मुलखासाठी आपले प्रतिनिधी, म्हणजे व्हिकार अपोस्तोलिक, म्हणून पाठवलं. राजाच्या हक्काला हात न लावता एका भारतीयाच्या डोक्यावर बिशपाची टोपी आली. आम्ही याला वर्कअराउंड म्हणतो. मुख्य रस्ता बंद असेल तेव्हा बांधावरून काढलेली वाट.

गोव्याच्या सत्तेने त्यांना शेवटपर्यंत मानलं नाही. ते आदिलशाही हद्दीतल्या डिचोलीत राहिले, गोव्याच्या वेशीबाहेर. पोर्तुगिजांशी त्यांचं वैर इतकं पेटलं, की डच आणि विजापूर यांना गोव्यावर चालून येण्यासाठी चिथावल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. आयुष्याची अखेर रोममध्ये झाली. त्यांच्या जन्मगावापासून डिचोली फार लांब नाही. पण ती हद्द ओलांडून बिशप म्हणून आपल्या माणसांत जाणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

मुंबईच्या महाधर्मप्रांताची वंशावळ मागे मागे नेली, तर ती याच १६३७ च्या नेमणुकीपाशी पोहोचते. मातेउशना दिलेलं क्षेत्र नाव आणि हद्दी बदलत बदलत मुंबईपर्यंत आलं आणि १८८६ मध्ये महाधर्मप्रांत झालं. म्हणजे मुळाशी एक गोवेकर, आणि मग तीनशेहून अधिक वर्षांनी त्याच गादीवर दुसरा गोवेकर. मधल्या काळात एकही भारतीय आर्चबिशप नाही.

मधल्या काळात होतं ते भांडण. मुंबईतली काही चर्च पोर्तुगालच्या पाद्रोआदोखाली, काही रोमच्या प्रोपगांडाखाली. एकाच वस्तीत दोन सत्ता. आपली वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली, पोर्तुगीज गेले. पण चर्चच्या कागदावरची त्यांची सत्ता गेली नाही. १८८६ मध्ये वसई आणि साष्टी दमणच्या धर्मप्रांतात गेली, आणि त्याचा बिशप पोर्तुगालच्या पसंतीचा. मराठे आले, इंग्रज आले, रेल्वे आली, तरी वसईच्या चर्चची फाइल लिस्बनच्या टेबलावरून फिरत होती.

१९२८ मध्ये पोप आणि पोर्तुगाल यांच्यात तडजोड झाली. दमणचा धर्मप्रांत बंद झाला, आपला भाग मुंबईला जोडला गेला. पण अट काय घातली? मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असावा. म्हणजे भाविक सगळे इथले, आणि गादीची वाटणी लिस्बन आणि लंडन यांच्यात! या वाटणीनुसार आधी लिमा नावाचे पोर्तुगीज जेझुइट आले. त्यांच्यानंतर १९३७ मध्ये इंग्रजांची पाळी आली, आणि आले थॉमस रॉबर्ट्स.

या रॉबर्ट्ससाठीच मी हा विषय घेतला असं म्हटलं तरी चालेल. जेझुइट संघाचा हा माणूस लिव्हरपूलच्या एका चर्चमध्ये धर्मगुरू होता, तिथून थेट मुंबईचा आर्चबिशप झाला. वय चव्वेचाळीस, म्हणजे साधारण आपल्या वयाचा. त्याच्या हाती शाळा होत्या, रुग्णालयं होती, जमिनी होत्या, मान होता. अजून तीसएक वर्षं खुर्चीवर बसता आलं असतं. पण त्याच्या लक्षात आलं, की आपल्यानंतर कराराप्रमाणे पोर्तुगीज येणार, आणि देश तर स्वतंत्र होऊ घातला आहे. इथल्या माणसांना इथला प्रमुख मिळायचा असेल तर आपण खुर्ची रिकामी केली पाहिजे. आणि तीही अशा रीतीने, की कराराचं ओझं असलेल्या लोकांना आधी सवय व्हावी.

१९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस सहाय्यक बिशप झाले. २९ जून रोजी रॉबर्ट्स यांनीच त्यांना दीक्षा दिली. आणि त्याच वर्षी रॉबर्ट्स कारभार त्यांच्या हाती सोपवून इंग्लंडला निघून गेले. नावाने आर्चबिशप रॉबर्ट्सच राहिले. काम ग्रेशियस करू लागले. स्वातंत्र्य, फाळणी, निर्वासितांचे लोंढे, नवी राज्यघटना, हे सगळं मुंबईच्या चर्चने ज्यांच्या हाताखाली पाहिलं, ते कागदोपत्री थेनेससचे बिशप होते. १९५० मध्ये पोर्तुगालने भारतातले ते जुने हक्क सोडले, आळीपाळीची अट संपली. त्याच वर्षी ४ डिसेंबरला ग्रेशियस मुंबईचे आर्चबिशप झाले. रॉबर्ट्सना काय मिळालं? सुगडिया नावाच्या क्रिमियातल्या एका जुन्या गावाची नाममात्र पदवी. जी सोय सहाय्यकाला वर आणण्यासाठी वापरली, तीच प्रमुखाला बाजूला होण्यासाठी. नंतर युद्ध, अण्वस्त्रं अशा प्रश्नांवर ते चर्चमध्ये परखडपणे बोलत राहिले, आणि १९७६ मध्ये वारले.

इथे मला माझ्या सूचीतली खरी अडचण कळली. १९४६ ते १९५० या काळात "मुंबईचे आर्चबिशप" असं शोधलं तर रॉबर्ट्स येतात, पण पत्रांवर सह्या ग्रेशियस यांच्या. पद एकाकडे, काम दुसऱ्याकडे. याच्या उलट उदाहरण गोव्यात घडलं. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, आणि तिथले पोर्तुगीज आर्चबिशप आल्वेर्नाश लवकरच निघून गेले. पण पदावर ते १९७५ पर्यंत होते! तेरा वर्षं पदवी एका माणसाकडे, आणि गोव्यातलं रोजचं काम दुसऱ्यांकडे. मुंबईत इंग्रज माणसाने पद सोडलं नाही ते दुसऱ्याची वाट मोकळी व्हावी म्हणून. गोव्यात ते सुटलं नाही राजकारण अडलं म्हणून. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून मी सूचीत दोन रकाने केले: "पद" आणि "प्रत्यक्ष काम". प्रोग्रॅम लगेच चालू लागला.

आता कार्डिनल. १२ जानेवारी १९५३ रोजी बारावे पायस या पोपनी चोवीस कार्डिनल नेमले. त्यांत पुढे तेविसावे जॉन म्हणून पोप झालेले रोन्काल्ली होते, आणि मुंबईचे ग्रेशियस. मघाच्या प्रश्नाचं उत्तर इथे देते. बिशप ही दीक्षा आहे. आर्चबिशप म्हणजे महत्त्वाच्या धर्मप्रांताचा बिशप. आणि कार्डिनल म्हणजे पोपचा सल्लागार आणि नवा पोप निवडणारा मतदार. कागदोपत्री प्रत्येक कार्डिनल रोम शहराचाच एक पाळक समजला जातो, म्हणून त्याला रोममधलं एक चर्च नावाने दिलं जातं. ग्रेशियस यांना मिळालं सांता मारिया इन व्हिया लाता. माझी सहावी नोंद ती हीच. १९५८ आणि १९६३ अशा दोन पोपांच्या निवडणुकीत त्यांनी भाग घेतला. १९७८ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा निवडणूक झाली तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते, आणि पुढच्याच महिन्यात गेले.

"व्हॅलेरियन कार्डिनल ग्रेशियस" या नावात पदवी मध्येच का, हेही मला कोडं होतं. ती जुनी रीत आहे. पदवी नाव आणि आडनाव यांच्यामध्ये येते. आपण मधल्या जागी वडिलांचं नाव लिहितो. माझ्या प्रोग्रॅमने बिचाऱ्याने "कार्डिनल" हे वडिलांचं नाव समजून घेतलं होतं.

कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये गेलात तर वर पाहा. ग्रेशियस यांची लाल कार्डिनल-टोपी तिथे लटकवलेली आहे. रुंद काठाची, दोन्ही बाजूंना गोंडे असलेली. अशी टोपी डोक्यावर फारशी घालायची नसते; कार्डिनल गेल्यावर ती टांगून ठेवायची आणि आपोआप जीर्ण होऊ द्यायची, अशी परंपरा. १९६९ मध्ये ती टोपी देण्याची पद्धतच बंद झाली. मला हे फार आवडलं. एवढा मोठा मान, आणि त्याची व्यवस्था काय, तर धूळ खात हळूहळू विरून जाऊ दे.

त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा प्रसंग १९६४ चा. मुंबईत आंतरराष्ट्रीय युखरिस्टिक काँग्रेस भरली आणि सहावे पॉल भारतात आले. भारताच्या भूमीवर आलेले ते पहिले पोप. ओव्हल मैदानावर लोटलेल्या गर्दीच्या आठवणी आपल्यापैकी काहींच्या आजीआजोबांकडे असतील. जाताना पोपनी आपली गाडी मदर तेरेसांना देऊन टाकली, आणि मदरनी ती सोडतीत काढून पैसे उभे केले. मातेउशना ज्या किनाऱ्यावरच्या सत्तेने मानलं नाही, त्याच किनाऱ्यावर तीन शतकांनी एका गोवेकराने यजमान म्हणून पोपचं स्वागत केलं.

आणि वसई? ग्रेशियस यांच्यानंतर सायमन पिमेंटा आले. मरोळचे, मराठी बोलणाऱ्या ईस्ट इंडियन समाजातले. २२ मे १९९८ रोजी मुंबईतून वेगळा होऊन वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. पहिले बिशप थॉमस डाबरे, वसईचेच, तुकारामांवर पीएच.डी. केलेले. लिस्बनच्या टेबलावरची ती फाइल शेवटी आपल्या गावात आली. त्यानंतरचे फेलिक्स मच्याडो यांना लोक आर्चबिशप म्हणत, आणि ते बरोबरही होतं. पण वसई महाधर्मप्रांत नाही. ती पदवी त्यांना व्यक्तिशः होती, गादीला नव्हती. त्यांच्यासाठी मी सूचीत आणखी एक रकाना वाढवला.

मित्रांनो, आता थोडं आपल्याबद्दल. या स्मरणिकेच्या शेवटी माजी विद्यार्थ्यांची यादी छापायची आहे, आणि ती तयार करण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. अर्जात एक रकाना आहे "हुद्दा". पाहिलं तर बऱ्याच जणांनी तो ऐटीत भरला आहे, आणि बऱ्याच जणींनी रिकामा सोडला आहे. एकीने अकरा वर्षं सासूचं अंथरुणातलं दुखणं काढलं. एकाने वडिलांची केळीची वाडी बिल्डरला न विकता टिकवली. एकजण शाळेच्या या इमारतीच्या दुरुस्तीसाठी दोन वर्षं कचेरीचे उंबरे झिजवतो आहे. हुद्दा तिघांनाही नाही.

म्हणून समितीला विनंती करून मी यादीत एक रकाना वाढवला आहे. "हुद्दा" राहीलच, माणसाने मेहनतीने मिळवलेला मान लपवायचं कारण नाही. त्याच्या शेजारी "काय काम करतो / करते" असा दुसरा रकाना असेल. तो रिकामा ठेवू नका. आणि ज्यांच्या हाती आज एखादी खुर्ची आहे, संस्थेची, मंडळाची, कंपनीची किंवा घरातली, त्यांनी रॉबर्ट्स यांच्यासारखं एकदा शेजारी बघावं. तिथे कुणीतरी तुमचं काम आधीच करत असेल.

अर्ज दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत, पेनंही आहेत. जेवणाआधी भरून द्या, कारण नंतर तुम्ही कुणी सापडत नाही, हा शाळेपासूनचा अनुभव आहे.